सरांचं वजन आणि सासूबाईंचं कपाट

गणिताचे सर आणि त्यांची दातांची डॉक्टर बायको एकाच दिवसापासून जिमला जायला लागले आणि एकाच डब्यातली क्रिएटिनची, ताकद वाढवायची पावडर रोज चमचाभर घ्यायला लागले. महिना उलटायच्या आत सरांच्या वजनाचा काटा चांगलाच पुढे सरकला. तिचा जागचा हलेना.

“हे सगळे स्नायू बरं का,” सर पँटचं बटण कसंबसं लावत म्हणाले. “तुझ्या अंगी लागत नाही, त्याला काय करणार?”

ती हिरमुसली. सरांना तिची दया आली आणि स्वतःचं कौतुक वाटलं.

त्याच भरात त्यांनी सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं, “कपाट हलवायला माणसं कशाला? मी येतो.”

बायको दवाखाना आटोपून मागून येणार होती. सरांना तेवढा धीर निघेना. त्यांनी कपाट ढकलत खोलीच्या दारापर्यंत आणलं, उंबऱ्यावरून उचलायला खाली वाकले, आणि पँट मागून उसवली. दचकून त्यांनी हात सोडले. कपाट दारात तिरकं अडकलं; सर आत, सासूबाई बाहेर.

“जावईबापू, कसला आवाज झाला?”

“लाकूड करकरलं.”

“कपाट लोखंडी आहे.”

सरांनी खोलीभर नजर फिरवली. उसवलेली पँट झाकायला उशी तेवढी सापडली.

थोड्या वेळाने बायको आली. तिने पदर खोचला, बाहेरच्या बाजूने कपाट उचलून सरळ केलं आणि बाहेर ओढून घेतलं.

“एकटीने?” सर उशीसकट दारात आले.

“जड होतं का?” तिलाच नवल वाटत होतं. “सकाळी ट्रेनरताई म्हणाल्या खरं. क्रिएटिनने पुरुषांचं वजन सहसा जास्त वाढतं, सुरुवातीला त्यात बरंचसं पाणीच असतं. बायकांचा काटा फारसा हलत नाही, पण व्यायाम केला तर ताकद वाढू शकते.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही किती खुशीत होतात.”

यावर सरांना हसूच आलं. तेवढ्यात सासूबाई कपाटाकडे मान वाकडी करून बघत म्हणाल्या, “इथे नाही शोभत. खिडकीपाशी नेऊन बघायचं?”

“तुम्ही दोघी ठरवा,” सर भिंतीला पाठ लावून स्वयंपाकघराकडे सरकत म्हणाले. “मी चहा टाकतो.”