सुखदेवभाऊंचे भूकंप

आमच्या शेजारच्या सुखदेवभाऊंना तुमचं कुठलंही दुःख सांगा, ते तडक चीनमध्ये जातात.

माझी मोटरसायकल चोरीला गेली तेव्हा म्हणाले, "चीनमदी नदी फुगली, लाखाइनं मानसं गेले. त्याच्याफुडं तुही गाडी म्हंजे काय?" दाढ दुखली तर किल्लारीचा भूकंप, पोरगी नापास झाली तर त्सुनामी. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "हे काईच नोय!"

वाशीमच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा. बाजारात जुड्या बांधायच्या कमलवहिनी आणि गिऱ्हाइकाला ज्वालामुखी समजावायचे भाऊ. कुणी कोथिंबिरीचा भाव पाडून मागितला की सुरू, "तथी अख्खं शहर राखेखाली गेलं, अन् तुमी सांबारासाठी भांडून राह्यले?" वहिनी म्हणायच्या, "थे राख झटका, अन् सुतळी द्या इकडे." भाऊ मुकाट्याने द्यायचे. पृथ्वीवरचं तेवढं एकच संकट ते मानत.

माझे सासरे वारले तेव्हा भाऊ भेटायला आले आणि माझ्या बायकोसमोर, सुनंदासमोर बसून त्यांनी चीन काढलाच. त्या दिवसापासून सुनंदाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी समजावलं, माणूस वाईट नाही, त्याला सांत्वन एवढंच येतं. पण तिचं म्हणणं, "माहा बाप एकच होता ना?"

यंदा पोळ्यानंतर कमलवहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, जेवण शेजारून जातं. अबोला असूनही पिठलं-भाकर सुनंदानेच केली. आम्ही दोघं घेऊन गेलो. भाऊ ओसरीत मेथीच्या ढिगापाशी बसले होते, हातात सुतळी. बांधलेली जुडी सुटत होती, ते पुन्हा बांधत होते. माझ्या तोंडातून भलतंच निघालं, "भाऊ, चीनमध्ये तर..."

सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

भाऊंनी मात्र मान वर केली. "तथी बरं होतं रे. सगळ्याइचंच गेलं. कोन कोनाले समजावन? घरोघरी चुली बंद. अथी पाह्य, साऱ्या गल्लीतून फोडनीचा वास येऊन राह्यला. माह्याच घरी..."

सुनंदा उठली आणि तरातरा घरी निघून गेली. अजून राग गेला नाही हिचा, असं मला वाटलं. जराशाने ती परत आली. भाऊंच्या पुढ्यात बसली, त्यांच्या हातातली सुतळी घेतली आणि जुडी बांधता बांधता म्हणाली, "भाऊ, गॅस बंद करून आली मी. आज आमच्याई घरी चूल नाई."

भाऊ चीनला गेले नाहीत. गुडघ्यात डोकं घालून पोटभर रडले. मग आम्ही तिघांनी मिळून ती पिठलं-भाकर खाल्ली.