पाय मोडला भावकीचा

आमच्या ऐन-झुरैक गावात कुणाचा पाय मोडला, तर सर्वप्रथम खुर्च्या भाड्यानं आणाव्या लागतात. डॉक्टरचा नंबर त्यानंतर. हा क्रम कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच तो कुणाला बदलता येत नाही.

माझा चुलत भाऊ रकान याची बेकरी आहे. एका सकाळी रोट्यांची गाडी मागं घेताना त्यानं गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या पायावर चाक घातलं. मास्तर सुकैरीन कबिल्याचे, आम्ही रुबैहात कबिल्याचे. पण त्या क्षणी ही महत्त्वाची बाब दोघांच्याही ध्यानात आली नाही. मास्तर ओरडले, "गाढवा, बघत काय बसलास? दवाखान्यात ने!" रकाननं त्यांना त्याच गाडीत, गरम रोट्यांशेजारी आडवं केलं आणि नेलं. डॉक्टर म्हणाले, हाड सरकलंय, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर तसंच वाकडं जुळेल. रकान म्हणाला, खर्च माझा. मास्तर म्हणाले, बरं. प्रकरण तिथंच मिटत होतं, तेवढ्यात नातेवाईक आले.

सुकैरीनांनी मास्तरांच्या उशाशी उभं राहून ठरवलं की, तडजोड होईपर्यंत रुबैहातांच्या हातचा कापूसही घ्यायचा नाही. घेतला तर लोक म्हणतील, सुकैरीनांनी पाय विकला. बरं, स्वतःच्या खर्चानं ऑपरेशन करावं, तर तेही नाही. धडधाकट पाय पुढं करून कुणी न्याय मागतं का? प्लास्टर तेवढं सरकारी होतं, ते चाललं. आमच्या वडीलधाऱ्यांनीही मागं न राहता रकानची बेकरी बंद केली आणि सुकैरीनांच्या नजरेला पडू नये म्हणून त्याला मामाच्या गावी धाडलं.

मी प्रांतसाहेबांकडं गेलो. म्हटलं, "साहेब, पाय साधा, अपघात साधा. तुम्ही कायद्यानं काहीतरी करा."

"हे आधुनिक राष्ट्र आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "इथं कायदा सर्वांना समान आहे. म्हणून आधी तुम्ही रिवाजानं मिटवा. मिटलं की मी ते कायदेशीर करतो."

"आणि नाहीच मिटलं तर?"

"तर दोन्हीकडच्यांना समान अटक करतो."

आता रिवाज म्हणाल तर सोपा आहे. ज्याची चूक, त्याच्याकडून एक वजनदार माणूस शिष्टमंडळ घेऊन जातो. यजमान त्याच्यापुढं कॉफीची वाटी ठेवतो. पाहुणा तिला हात लावत नाही, आधी मागणं मागतो. यजमान म्हणतो, "कॉफी घ्या." म्हणजे मान्य. एक घोट घेतला की विषय संपला. आमच्या पणजोबांनी दुपारच्या आणि तिसऱ्या प्रहराच्या नमाजांच्या मधल्या वेळात खून मिटवले होते.

पण पणजोबांकडं माजी मंत्री नव्हते. आमच्याकडं मंत्रिमंडळं सारखी बदलतात, त्यामुळं माजी मंत्र्यांचं पीक बारमाही आणि त्यांना काम काही नाही. आमच्या भावकीनं अम्मानहून नामदार दैफल्ला बेग यांना बोलवायचं ठरवलं. नामदार तेव्हा लंडनला होते. तिथं त्यांचं अरबी अस्मितेवर व्याख्यान होतं, इंग्रजीतून. थांबलो. हे कळताच सुकैरीनांनी उत्तराच्या भाषणासाठी निवृत्त जनरल मुतलक बाशांना गाठलं. बाशा आयुष्यात एकही लढाई हरले नव्हते, कारण लढलेच नव्हते. त्यांना मोकळा शुक्रवार मिळेना. पुन्हा थांबलो.

मधल्या काळात मास्तरांची मुलगी वदहा हिचा मला चोरून फोन आला. "दादा, तुमचे नामदार येणार तरी कधी? बाबांचं हाड काही त्यांच्यासाठी थांबलेलं नाही. ते आपलं जुळत चाललंय."

"ताई, तारीख मिळत नाही."

"मेल्यांनो, पाय मोडायला बरी तारीख मिळाली!" असं म्हणून तिनं फोन आपटला. मला तिचा राग आला नाही, आमचाच आला.

अखेर शुक्रवार उगवला. मास्तरांच्या दारात मांडव पडला. खुर्च्यांचं काम माझ्याकडं होतं, म्हणून सांगतो, नामदारांची आणि बाशांची खुर्ची एकाच उंचीची मिळेपर्यंत मला तीन गावं हिंडावी लागली. दूरचित्रवाणीचा कॅमेरा आला. मास्तरांना मात्र प्लास्टरमुळं पाय लांब करून बसावं लागे, आणि तो पुढच्या रांगेत कॅमेऱ्याच्या आड येतो म्हणून त्यांना मागं, सतरंज्यांच्या ढिगाशेजारी बसवलं. मग नामदारांपुढं कॉफी ठेवली आणि नामदार उठले.

त्यांनी सुरुवात अरबांच्या सुवर्णयुगापासून केली. वाळवंटातली उदारता झाली. परकीयांनी नकाशावर पट्टी ठेवून आपले तुकडे कसे केले, ते झालं. जेरुसलेमपाशी त्यांचा गळा दाटून आला, तेव्हा कॅमेरेवाल्यानं त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि गळा पुन्हा दाटला. "एक रक्त, एक भाषा, एक पाय... एक पायवाट!" असं काहीसं ते म्हणाले. कॉफीवर धूळ साचायची वेळ आली. अजून पानांचा गठ्ठा हातात होता.

तेवढ्यात सतरंज्यांमागून आवाज आला.

"नामदार, कॉफी घ्या."

सगळ्या माना मागं वळल्या. मास्तर कुबडीवर उभे होते. "घ्या. निवली सगळी. जे मागायला आलात ते दिलं. पोरानं मुद्दाम नाही केलं. मी माफ केलं, आता मला दवाखान्यात जाऊ द्या."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. संपलं होतं हो सगळं! एक घोट घ्यायचा राहिला होता.

नामदारांनी चष्मा काढला. "पण मास्तर, मी अजून काही मागितलेलंच नाही."

"मग मागा की."

"ते शेवटच्या पानावर आहे."

मुतलक बाशा ताडकन उठले. त्यांच्याही खिशात भाषण होतं. "यांना परस्पर उत्तर द्यायचा अधिकार कुणी दिला?"

"पाय माझा आहे," मास्तर म्हणाले.

"होता," बाशा म्हणाले. "मोडल्यापासून तो भावकीचा आहे. खाली बसा."

मी लाजलज्जा सोडून नामदारांच्या कानाशी लागलो. "साहेब, पाया पडतो, घोटभर घ्या."

"एवढ्या लांबून मी घोटभर कॉफीसाठी आलो नाही," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

आणि मग जे मास्तरांना खाली बसवत होते, तेच सुकैरीन खवळले. "आमच्या माणसानं कॉफी घ्या म्हटलं आणि यांनी घेतली नाही? आमच्या कॉफीत काय विष आहे?" आमच्या बाजूनंही कुणीतरी बाह्या सरसावल्या. खुर्च्या उडाल्या. मटण-भाताच्या पराती मात्र सुखरूप राहिल्या. त्या दोन्ही कबिल्यांनी एकमेकांकडं पाठ करून रिकाम्या केल्या.

प्रांतसाहेबांनी निकाल दिला: आता बाबी दोन आहेत. एक पाय, दुसरी कॉफीचा अपमान. दुसरी गंभीर असल्यामुळं ती मिटेपर्यंत पहिलीला स्थगिती. अपमान माजी मंत्र्याकडून झालेला असल्यामुळं तो मिटवायला माजी पंतप्रधानच लागणार, हे ओघानं आलं. त्यांना तारीख मिळायला हिवाळा सरला.

ते आले. कॉफी दोन्ही बाजूंनी प्यायली गेली, मिठ्या पडल्या. माजी पंतप्रधान म्हणाले, "दोन कबिले आज पुन्हा जुळले, जसं या मास्तरांचं हाड जुळलं!" टाळ्या पडल्या. हाड जुळलं होतं खरं. वाकडं. पहिली बाब त्यामुळं आपोआप निकाली निघाली. रकानची बेकरी उघडली, आणि मास्तरांना ऑपरेशनचा खर्च घेण्याची रीतसर मुभा मिळाली.

त्यांना डॉक्टरकडं मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, "आता सरळ करायचा तर पाय पुन्हा मोडावा लागेल."

मास्तर खो खो हसले. "नको रे बाबा. पुन्हा मोडला तर पुन्हा नामदार येतील." आणि पाय ओढत बाहेर पडले. वदहा माझ्या हातातली त्यांची कुबडी हिसकावून त्यांच्या मागून चालली.

समेटाचा फोटो पेपरात छापून आला, 'ऐतिहासिक क्षण' म्हणून. खाली डावीकडून सगळ्यांची नावं आहेत. कडेला कुबडी घेतलेला एक माणूस दिसतो, त्याच्यापुढं 'व इतर मान्यवर'. मी संतापून पेपरवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नाव कुणी दिलंच नाही आम्हाला."

ठेवला फोन. आणि तुम्ही हसू नका. नामदारांचं नाव मी तुम्हाला सांगितलं, बाशांचं सांगितलं, बेकरीवाल्याचं सुद्धा सांगितलं. इतका वेळ मन लावून ऐकलंत, पण ज्याचा पाय मोडला त्याचं नाव काय, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत?