सखारामसाठी माइक

नत्थूजी ढोमणे शेजारी बसले की आपल्याला डोळे आहेत याची आपल्यालाच शंका यायची. टपरीवर मी पेपर उघडून बसलेलो असलो तरी त्यांचं सुरूच. “मास्तर, समोरून पोस्टमन येऊन राह्यला. सायकल हातात हाय, पंचर झाली वाट्टे. तोंड लय उतरलं हाय.”

“दिसतंय मला,” मी म्हणायचो.

“दिसत असन. पन तुमी पाहून कुठी राह्यले?”

मी चिडून पेपर तोंडासमोर धरायचो.

ही खोड त्यांना सखारामपायी लागली. दोघं बालाघाटजवळच्या एका मँगनीजच्या खाणीत कामाला होते. नत्थूजी सुरुंग लावायचे, सखाराम माल उचलणाऱ्या टोळीत. एका सुरुंगात सखारामचे दोन्ही डोळे गेले. महिन्याभरात नत्थूजींनी काम सोडलं आणि आमच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सखारामचं घर त्याच गल्लीत, दोन दारं पलीकडे.

तेव्हापासून सखाराम कॅरियरवर, नत्थूजी पुढे, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. बाजार, मिरवणूक, सव्वीस जानेवारीची परेड, काही म्हणजे काही सुटत नसे. “साहेबानं सलामी घेतली. टोपी मोठी पडते त्याले, कानावर टेकली हाय.” आजूबाजूचे लोक तोंडावर रुमाल धरत. टॉकीजमधून तर दोघांना दोनदा बाहेर काढलं. दुसऱ्यांदा पडद्यावर नायिकेनं प्राण सोडला होता, सगळं थिएटर मुसमुसत होतं, आणि नत्थूजी खणखणीत आवाजात सांगत होते, “मेली. पन पोट हालून राह्यलं.”

मी एकदा सुचवलं, जरा सजवून सांगत जा, गरिबाला तेवढीच मजा. माणूस माझ्यावर भडकलाच. “जसं हाय तसं सांगाव, मास्तर. आंधळ्याले सजवून सांगनं म्हंजे फसवनं.”

फक्त एका गोष्टीवर या माणसाची दातखीळ बसायची. संध्याकाळी परतताना मी बरोबर असलो की हमखास ऐकू यायचं. सखाराम हळूच म्हणायचा, “नत्थू, त्या दिवशीचं सांग.”

“कोन्त्या दिवशीचं?”

“तुले मालूम हाय.”

मग नत्थूजी उगाच घंटी वाजवत आणि रस्त्यातली म्हैस सांगायला घेत. तिचं शिंग, तिची शेपटी, शेपटीवरचा चिखल.

सखारामचं दुखणं मला ठाऊक होतं. चौकशीच्या कागदात लिहून आलं होतं की सगळे सुरुंग उडाल्याची शिट्टी व्हायच्या आधीच मजूर आत घुसला, चूक त्याची स्वतःची. त्याचा मुलगा घरात भांडण झालं की तेच काढायचा. “बाबा, तुमी आपल्या हातानं डोळे घालवले. आता आमी निस्तरून राह्यलो.” भिंतीपलीकडून हे ऐकलं की मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटे. सखाराम मात्र कधी उलटून बोलला नाही.

त्या वर्षी आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या फुटबॉलच्या स्पर्धेत तिरोडी गावाची टीम फायनलला आली. लाउडस्पीकरचं काम समितीनं माझ्या गळ्यात मारलं होतं. ‘आँखों देखा हाल’, म्हणजे कॉमेंट्री, सांगणाऱ्या वकीलसाहेबांचा घसा ऐन वेळी बसला. मी म्हटलं, बोलायला एक माणूस आहे, आणि माइक नत्थूजींच्या हातात दिला.

सखाराम टेबलाला टेकून बसला. नत्थूजींनी “दर्शकों” असं दोनदा म्हणून पाहिलं आणि मग सरळ सखारामशीच बोलायला लागले. भोंग्यातून साऱ्या मैदानाला ऐकू आलं, “रेफ्रीचे गुडघे लय बारीक हायेत. बॉल बाहेर गेला. एक बकरी पाहून राह्यली त्याच्याकडं.” लोक आधी हसले, मग ओरडले, “अरे, स्कोर बताओ!” स्कोअर सगळ्यांना दिसतच होता. एकाला दिसत नव्हता, त्याला तो केव्हाच सांगून झाला होता.

हाफ टाइम झाला. माइकवाला बटण माझ्यावर सोपवून चहाला गेला. खेळाडू सावलीला गेले.

“आता काय दिसते?” सखारामनं विचारलं.

“काही नाही. मैदान खाली हाय.”

“मंग त्या दिवशीचं सांग.”

घंटी नव्हती, म्हैस नव्हती. नत्थूजींनी रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. माइक तोंडाशी तसाच चालू होता. बटण माझ्या हाताशी होतं, मी ते बंद केलं नाही. बरं केलं की वाईट, ते मला आजही सांगता येत नाही.

“नऊ सुरुंग भरलते,” नत्थूजी म्हणाले. भोंगाही तेच म्हणाला. “नऊ आवाज मोजाचे आन् मंग शिट्टी माराची, असा कायदा. आठ झाले. तेवढ्यात रेल्वेच्या डब्यात माल पडला, धाडकन. म्या तो नववा धरला. शिट्टी मारली. तू शिट्टीच्या आधी नाही गेला, सख्या. शिट्टी आयकून गेला, आन् खरा नववा मंग उडाला. सायबानं इचारलं तं म्या खोटं सांगतलं. नोकरी जाईन म्हून. खोटं सांगतलं.”

पलीकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला सखारामचा मुलगा खाली उतरला आणि आहे तिथेच उभा राहिला.

नत्थूजी रडत होते. सखारामनं चाचपडत त्यांचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

“म्या बी आठच मोजलते, नत्थू,” तो म्हणाला. “मनात आलं, थांबाव. पन शिट्टी तुही होती. म्हनलं, नत्थू चुकत नाही.”