गुळगुळीत बोटांचा गुन्हेगार

माझं चारित्र्य म्हणजे धुतल्या तांदळासारखं! शाळेत सुतारकाम शिकवायची नोकरी मला जवळजवळ मिळालीच होती. फक्त 'या माणसावर एकही गुन्हा नाही' असा पोलिसांचा दाखला आणायचा होता. शाळेत मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाला तो लागतोच.

"दहा बोटं टेकवायची आणि परत यायचं," मी बायकोला ऐटीत म्हणालो. "तू चहा टाक, उकळायच्या आत आलोच!"

लोकांची टेबलं-खुर्च्या घासण्यात माझा जन्म गेलाय. आता गुडघे कुरकुरायला लागलेत आणि दुकानात दिवसभर उकिडवं बसवत नाही. त्यामुळे ही नोकरी मला हवी म्हणजे हवीच होती.

पोलीस ठाण्यात ठसे घेणाऱ्या कारकुनानं माझा अंगठा यंत्राच्या काचेवर ठेवला. पडद्यावर नुसता पांढरा गोळा!

"काका, नीट दाबा."

मी दाबला. गोळा मोठा झाला!

"बोट पुसा." पुसलं. "जरा ओलं करा." केलं. "दुसरं द्या." दिलं. दहाही बोटं तशीच कोरी! शेवटी कारकुनानं स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. झकास ठसा उमटला. मग त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं की मला घामच फुटला.

"काका, करता काय तुम्ही?"

एका शब्दात उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! कौतुक करून घ्यायची आपली जुनी खोड.

"लोकांच्या घरात जाऊन काम करतो," मी छाती फुगवून म्हणालो. "मोठमोठे बंगले! पण कुठं बोटाचा डाग राहिलेला दाखवा, बक्षीस देतो!"

कारकून ताडकन उठला आणि साहेबांना घेऊन आला.

"बरोबर कोण असतं?" साहेबांनी खुर्ची पुढं ओढली.

"मेहुणा. पण तो आत येत नाही, टेम्पोत बसून असतो. आळशी आहे हो!"

"आणि हत्यारं?"

"आहेत ना! रंधा, करवत, पटाशी, हातोडी..."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग माझी बोटं चाचपून पाहिली. "सुतार आहात होय! पॉलिश पेपरनं लाकडाबरोबर बोटंसुद्धा घासून काढलीत तुम्ही! हातांना थोडे दिवस आराम द्या, रेषा परत येतील. ठसे नाहीत तोवर दाखला नाही."

आणि दाखला नाही तोवर नोकरी नाही! माझं तोंड एवढंसं झालं. बायकोनं मात्र पदर खोचला. दुकानाला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. सकाळ-संध्याकाळ माझ्या बोटांना मलम चोळायला लागली.

"कशाला हात लावाल तर याद राखा!"

"अगं, निदान भांडी तरी घासू दे."

"खबरदार! रेषा जातील!"

मी दुःखी चेहरा करून पुन्हा आडवा व्हायचो. खरं सांगतो, इतकं सुख मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं. भांड्यांचं मी रोज न चुकता विचारायचो.

महिनाभरानं पुन्हा ठाण्यात गेलो तेव्हा दहाही ठसे एका दमात उमटले! "इतकी आराम केलेली बोटं," कारकून हळूच म्हणाला, "मी आजवर फक्त आमच्या साहेबांची पाहिली होती."

दाखला मिळाला. मी तो घेऊन थेट शाळा गाठली. मुख्याध्यापिका बाईंनी तो वाचला, प्रसन्न हसल्या, माझ्याशी हात मिळवला आणि त्यांचं हसू जागीच मावळलं. त्यांनी माझा तळहात उलटासुलटा करून पाहिला.

"इतका मऊ हात? अहो, तुम्ही चोर नाही हे कळलं. पण सुतार तरी आहात का?"

"बाई, रंधा द्या!" मी गरजलो. "आत्ता दाखवतो!"

त्यांनी मला वर्कशॉपमध्ये नेलं. मी बाह्या सरसावल्या आणि फळीवर रंधा असा मारला की ढलप्या थेट खिडकीपर्यंत उडाल्या! बाई थक्क झाल्या. मला आणखी चेव चढला. पण मलम चोळून पोसलेल्या तळहातावर टपोरा फोड आला, तो लगेच फुटलासुद्धा, आणि मी "आई गंऽऽ!" करून असा कळवळलो की शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमा झाली.

संपलं! गेली नोकरी!

"उद्यापासून या," बाई म्हणाल्या.

"काम आवडलं ना, बाई?"

"काम राहू द्या हो. पण तुमचं ओरडणं ऐकल्यावर एकही मूल हत्यारांशी मस्ती करणार नाही!"