तिसऱ्या ढिगावरचा मोह

आमच्या कोळसा खाणीला उपसलेल्या दगडमातीचे चार ढीग आहेत आणि चारही ढिगांत मिळून गावठी झाडांचा एकच समुदाय आहे. ढिगांवर झाडं जगली का हे बघायला सरकारी पाहणी आली की तो एका ढिगावरून दुसऱ्यावर चालत जातो. पुढे मोह, मागे पळस, तेंदू, धावडा आणि शेवटी कुसळी गवत, कारण त्याचे पाय आखूड. पाहणीची जीप वळसा घालून पोचेपर्यंत झाडं पुढच्या ढिगावर मुळं रोवून उभी असतात. मी, गुरनुले, दोरीची चौकट टाकतो आणि आतली झाडं मोजतो.

झाडांनी चालावं की नाही, हा झाडांचा प्रश्न. माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. खाण उघडताना वरची काळी माती जपून ठेवायची असते, पुढे ढिगांवर पसरायला. आमच्या शहाण्यांनी ती आधी खाली टाकली आणि तिच्यावर दगड ओतला. पहिल्या ढिगावर चुकून थोडी माती वर राहिली. बाकीच्या तिन्ही ढिगांवर काही म्हणता काही उगवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माती गाडली साहेबांनी, आणि पायपीट झाडांना.

मोह गिरजाबाई कुमरेंचा. त्यांचं पिपरडोह गाव खाणीत गेलं तेव्हा तो गिरजाबाईंच्या मागोमाग निघाला आणि पहिल्या ढिगावर थांबला. त्याची फुलं वेचून, वाळवून विकण्यावर त्यांचं वर्ष निघतं. पण चालून चालून गेले दोन हंगाम त्याला फूल धरलं नव्हतं, एका बाजूची साल वाळली होती. आणखी एक पाहणी त्याला झेपणार नाही, हे मी आमच्या मॅनेजरना, वझलवार साहेबांना, तोंडावर सांगितलं.

"हालचाल चांगली असते, गुरनुले," ते म्हणाले. माणसाला झोडपावंसं वाटतं ते अशा वेळी.

आमच्या भागात एक रीत आहे. फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पाला जो झाडून घेतो, त्या हंगामाची फुलं त्याची. दुसरं कोणी हात लावत नाही, आणि झाडलेला मोहही वेचणी होईपर्यंत जागा सोडत नाही. त्या वर्षी पाहणीच्या आदल्या दिवशी गिरजाबाई खराटा घेऊन ढिगावर चढल्या आणि त्यांनी बुंध्याभोवती लख्ख झाडून घेतलं.

वझलवार साहेब धापा टाकत वर आले. "बाई, हे झाड उद्या तिसऱ्या ढिगावर पाहिजे."

"नाही येत थो," गिरजाबाई म्हणाल्या. "मी झाडलं हाये."

"मशीन लावून नेतो मग."

"साहेब," मी म्हणालो, "ओढून आणलेलं झाड पाहणीत धरत नाहीत. आपल्या पायानं आलेलंच चालतं."

"तू गप रे. बाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तुमचा एक दिवस. माह्या मोहाचे दोन हंगाम गेले तुमच्या एका एका दिवसापायी. त्याले मारून मंग मोजता का?"

मोह हलला नाही. मोह नाही म्हटल्यावर पळसही नाही आणि गवत तर नाहीच; समुदाय फोडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहणी अधिकारी किनखेडे मॅडम पाहणीला तिसऱ्या ढिगावर आल्या तेव्हा तिथे नुसता दगड होता. वझलवार साहेबांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, दगडात पाय रोवले आणि हात वर करून उभे राहिले. मागोमाग हिशेबनीस धावड्याच्या जागी गेला आणि स्टोअरकीपर गवताच्या जागी बसला.

"हा?" मॅडमनी विचारलं.

"मोह," साहेब म्हणाले.

"आपल्या पायानं आला?"

"हो मॅडम," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग धरा. तीन उन्हाळे जागा सोडली नाही, की ढीग मंजूर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभं राहायचं आहे. मी चौकट टाकली. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

त्या चैत्रात मोहाला फूल आलं. गिरजाबाई उजाडताच टोपली घेऊन यायच्या. शेवटचं फूल वेचून झालं, रीत संपली, आणि साहेब तिसऱ्या ढिगावरून ओरडू लागले, "आता सोडा त्याला! इकडे पाठवा!"

"जाय बापा, तुले जिकडं जायचं तिकडं," गिरजाबाई मोहाला म्हणाल्या.

मोहानं मुळं सोडवली. तो तिसऱ्या ढिगाकडे वळला नाही. तो उतरला आणि खाणीच्या काठाकाठानं सावकाश जात जिथे पिपरडोह होतं तिथे थांबला. तिथे आता खोल हिरवं पाणी आहे. पळस, तेंदू, धावडा त्याच्या मागे गेले. गवत संध्याकाळी पोचलं. गिरजाबाई काठावर बसून रडल्या. त्यांचं घर त्या पाण्याखाली होतं आणि ते विसरायला नकार दिला होता तो फक्त त्यांच्या मोहानं. मलाही तिथे उभं राहवेना.

पुढच्या पाहणीत मॅडमनी विचारलं, "तिसऱ्या ढिगावरचा मोह कसा आहे?"

"ओरडतो," मी म्हणालो.

"ओरडणं आपण मोजत नाही. जगला आहे ना?"

"जगला आहे."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही चौथ्या ढिगाकडे निघालो.