सर्व क्रमांक जुळतात

जगात ज्या वस्तूवर शिक्का आहे तीच खरी; बाकी सगळा माल संशयास्पद. हे सत्य हरीश देवस्थळीला बावन्नाव्या वर्षी उमगलं आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही. जन्म इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचा, नोकरी तिथल्याच कौन्सिलच्या पार्किंग विभागात. त्यामुळे कागदावर नसलेल्या गोष्टींबद्दलची तुच्छता त्याच्या अंगात आधीच मुरलेली होती.

त्याच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली एक रायफल होती. (ती झाडता येत नाही. नळी कायदेशीररीत्या बुजवलेली असून तसा वेगळा शिक्का आहे.) रायफलवर एकूण एकवीस खुणा होत्या आणि हरीशला त्या रामरक्षेसारख्या पाठ होत्या. रामरक्षा मात्र पाठ नव्हती. मुकुट म्हणजे राजाची. बाण म्हणजे सरकारची. टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सरकारने हात झटकले, आता कोणीही घ्या. 1943 म्हणजे त्याच साली बनलेली. यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. शिवाय तीन वेगवेगळ्या भागांवर एकच नंबर: 70416. लढाईत माणसाचे हातपाय इकडचे तिकडे झाले तरी चालतं, पण रायफलचा बोल्ट त्याच रायफलचा असावा लागतो.

अडचण लाकडाची होती. दस्त्यावर कोणीतरी खिळ्याने काहीबाही कोरलं होतं. हरीश ज्या जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांच्या क्लबात होता, तिथल्या तपासणी समितीचे चेअरमन मिस्टर हॅम्प्सन यांनी ते भिंगातून पाहिलं आणि निर्णय दिला: ही बाविसावी खूण कोणत्याही यादीत नाही, सबब ती खूण नसून इजा आहे. इजा झालेल्या रायफलला अव्वल दर्जाचं सर्टिफिकेट मिळत नाही, आणि त्याशिवाय वार्षिक प्रदर्शनात मधलं टेबल मिळत नाही. (चहाच्या किटलीशेजारचं मिळतं. हरीशने तिथे सलग चार वर्षं काढली होती.)

हे त्याने घरी बाबांना सांगितलं. मुरलीधरपंत चौऱ्याऐंशीचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं, त्या डोळ्यावर पट्टी. दुसरा डोळा नावापुरता. त्यांनी दस्ता मांडीवर घेऊन बोटाने चाचपला.

"ही आपली अक्षरं आहेत रे. वर रेघ लागतेय हाताला. नाव असणार कोणाचं तरी."

"मे बी, बाबा. पण तो लिस्टवर नाही आहे."

"माझा मामा त्या लढाईत इटलीला गेला तो गेलाच. आईने मरेपर्यंत त्याची वाट पाहिली. वाच बरं काय लिहिलंय."

हरीशला वाचता येईना. शनिवारच्या मराठी वर्गात तो लहानपणी तीन शनिवार गेला होता, चौथ्या शनिवारी फुटबॉल सुरू झालं. एकवीस शिक्के झोपेत ओळखणाऱ्याला ती चार-पाच अक्षरं म्हणजे नुसते ओरखडे होते.

"पट्टी सोमवारी निघेल," बाबा म्हणाले. "तोवर हात लावू नकोस."

"कमिटी संडेला आहे, बाबा. मी फक्त लाइट सँडिंग करणार."

घासण्याआधी हरीशने नियमाप्रमाणे फोटो काढले. एकवीस खुणांचे एकवीस. बाविसाव्या फोटोसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मग पॉलिश पेपरने अर्धा तास घासून त्याने लाकडाला जवसाचं तेल पाजलं. रविवारी समितीने एकमताने सर्टिफिकेट दिलं: "सर्व क्रमांक जुळतात. मूळ स्थितीत जतन केलेली." मधलं टेबलही मिळालं.

सोमवारी पट्टी निघाली. बाबांनी दस्ता खिडकीशी नेला, उजेडात फिरवून पाहिला, मग त्याच जागेवरून बोट फिरवलं.

"मामाचंच होतं असं नाही," ते म्हणाले. "पण कोणाचं तरी होतं."

हरीशला लाज वाटली. ती सुमारे पाऊण मिनिट टिकली. मग त्याने बाबांना सर्टिफिकेट वाचून दाखवलं.

ही हकीकत हरीशलाही वाचून दाखवावी लागेल, कारण ती मराठीत आहे. हे फक्त कॉव्हेंट्रीत होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हसण्याआधी हे पान आपल्या घरातल्या धाकट्या पिढीपुढे ठेवून पाहावं. रायफलचा नंबर तेवढा ती बिनचूक वाचेल.