तेवीस मिनिटांची गाय

राष्ट्राध्यक्ष हॉलिस ट्रेडवे यांच्या कारकिर्दीतला कुठलाही दिवस सांगा. त्या दिवशी ते किती वाजता कुठे होते, कोणाला भेटले, फोन त्यांनी लावला की त्यांना आला, हे मी बसल्या जागी सांगतो! एकतीस वर्षं मी त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात त्यांचे कागद सांभाळतोय. साहेबांनी केव्हा काय केलं एवढंच लिहायला व्हाइट हाउसात एक माणूस बसवलेला असायचा. त्याची ती रोजनिशी म्हणजे आमचं बायबल. त्यात नाही ते घडलंच नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आलोय.

यंदा आमच्या संचालिका मिस प्रूइट यांनी प्रदर्शन काढलं, ‘एका राष्ट्राध्यक्षाचा एक दिवस’. एकाच दिवसाचे सगळे कागद मांडायचे, सकाळच्या दाढीपासून रात्रीच्या फोनपर्यंत. दिवस अर्थातच मी निवडला. साठ वर्षांपूर्वीचा बारा मे! त्या दिवशी साहेब आमच्या इंडियानात आले होते आणि त्यांचा ताफा आमच्या ब्रश फोर्क गावातून गेला होता.

गावात माझ्या बायकोच्या, ग्लेंडाच्या, मावशीचं हॉटेल आहे. व्हर्ला मावशी, वय शहाऐंशी. हॉटेलच्या दारावर पाटी होती, ‘राष्ट्राध्यक्ष ट्रेडवे यांनी आमची शुगर क्रीम पाई खाल्ली. दोन तुकडे.’ साय, साखर आणि वर जायफळ. इथला माणूस तिच्यासाठी जीव टाकतो. या घटनेचा फलक मावशीच्या हयातीत रस्त्यावर लागावा म्हणून ग्लेंडा चार वर्षं अर्ज करत होती. काउंटीच्या इतिहास मंडळाला फक्त आमच्या ग्रंथालयाचा दाखला हवा होता. म्हणजे माझी सही!

हातचा मळ आहे, मी म्हटलं. मावशीला वेळ विचारली. साडेबारा, ती म्हणाली, बाराच्या भोंग्यानंतर अर्ध्या तासाने. मी रोजनिशी उघडली आणि बघतो तर काय, साडेबाराला साहेब शेजारच्या काउंटीत, कॅलोवेच्या टायर कारखान्यात! १२.३१ ते १.०२, फोरमनच्या नावासकट. तिथून आमचं गाव गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे.

शहाणा माणूस गप्प बसला असता. मी रविवारी मावशीच्याच टेबलावर, तिनेच तळलेली कोंबडी खाता खाता, चर्चमधून आलेल्या अख्ख्या गावासमोर तोंड उघडलं. “मावशी, माणूस चुकतो,” मी म्हटलं. “कागद चुकत नाही.”

मावशीने माझ्यापुढची पाईची बशी उचलली आणि जाहीर केलं की या जन्मी वेंडेलला आमच्याकडे पाई मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी उतरली. ग्लेंडाने अबोला धरला आणि ती फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवू लागली. पहिल्या चिठ्ठीवर तारीख नव्हती, ती मी घातली. दुसरी चिठ्ठी त्याबद्दलच होती.

पण कामात कसूर नाही! रोजनिशीत एक भोक होतं. ‘१.२८, ताफा वाटेत थांबला. १.५१, निघाला.’ बस्स, पुढे काही नाही. या तेवीस मिनिटांबद्दल प्रदर्शनात काय लिहायचं, मिस प्रूइटनी विचारलं. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, गाय. मे महिना, आमचा रस्ता, दुसरं काय आडवं येणार? मी ‘बहुधा गाय आडवी आल्याने’ असं लिहून दिलं. छापताना जागा कमी पडली आणि ‘बहुधा’ गळलं.

गाय मात्र जी सुटली ती सुटली! पोस्टरवर गाय, कपांवर गाय, गायीच्या आकाराची बिस्किटं. पंधरा दिवसांत एल्डन कूट्झ नावाचा शेतकरी फोटो घेऊन हजर झाला. गाय त्याच्या वडिलांची होती म्हणे, नाव डॉटी. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, खात्री आहे ना रे? “तुमच्या ग्रंथालयानेच छापलंय,” तो म्हणाला. “कागद चुकतो का कधी?”

मंडळाने फलक डॉटीला मंजूर केला. जागा ठरली मावशीच्या हॉटेलासमोर, कारण गावातून जाणारा रस्ता तेवढा एकच. मावशीने रोज खिडकीतून गायीचं नाव वाचायचं. खरं सांगतो, त्या दिवशी मला घास गेला नाही.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मावशी आली. चर्चची टोपी घालून, ग्लेंडाच्या हाताला धरून. तिने माझा मजकूर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचला. मग माझ्याकडे वळून तिने शांतपणे विचारलं, “वेंडेल, ही वेळ फास्ट आहे की स्लो?”

त्या काळी इथे गावागावाचं घड्याळ वेगळं. उन्हाळ्यात कॅलोवेवाले काटे तासभर पुढे सरकवायचे, तो फास्ट टाइम. आमचे शेतकरी हट्टाने सरकवायचे नाहीत, तो स्लो टाइम. हद्द ओलांडली की गेलेला तास परत मिळायचा. हे मी दर बुधवारी शाळेच्या पोरांना हसवून हसवून सांगतो! आणि रोजनिशी चालायची वॉशिंग्टनच्या घड्याळाने, म्हणजे फास्ट. तिथले १.२८ म्हणजे मावशीच्या भिंतीवर १२.२८.

मी चारचौघांत चूक कबूल केली. पण एल्डन हटेना. ताफा थांबला तो डॉटीमुळेच, तो म्हणाला, पाई खाल्ल्याचा कागद असेल तर दाखवा. मंडळाचे अध्यक्षही मान डोलावू लागले.

दाखवतो की! मी तळघरात धावलो. बारा मेच्या खोक्यात साहेबांच्या डॉक्टरांचं पाकीट होतं. किरकोळ म्हणून मी ते कधी उघडलंच नव्हतं. आत एक चिठ्ठी. ती घेऊन मी धापा टाकत वर आलो, खुर्चीवर चढलो आणि खणखणीत आवाजात वाचली. “चार चाळीस. राष्ट्राध्यक्षांचं पोट जड. कारण, ब्रश फोर्क येथे पाई, तीन तुकडे. सोडा दिला.”

टाळ्यांचा कडकडाट! एल्डनने टोपी काढली, अध्यक्षांनी फलक मावशीला जाहीर केला. मी खुर्चीवरून बक्षिसाच्या आशेने मावशीकडे पाहिलं. ती रागाने लालबुंद झाली होती.

“तीन कशाला वाचलंस?” ती म्हणाली. “गोड खायचं नाही म्हणून बायकोला शब्द दिला होता त्यांनी. तिसरा तुकडा आत येऊन, उभ्याने खाल्ला. कोणाला सांगू नका म्हणाले. पुढे ती बाई स्वतः विचारायला आली, तिलाही मी दोनच सांगितलं. साठ वर्षं पाटीवर दोन लिहिलं. आणि तू खुर्चीवर चढून ओरडतोस!”

खरं बोलून शिव्या कशा खायच्या, ते माझ्याकडून शिकावं.

फलकाच्या दाखल्यावर तुकडे दोनच हवेत, अशी मावशीची अट होती. कागद तर तीन म्हणत होता. रात्रभर विचार करून मी ‘किमान दोन’ लिहिलं आणि सही केली. दाखला द्यायला हॉटेलच्या मागच्या दाराने गेलो. मावशीने तो वाचला, पेन मागितलं, ‘किमान’ खोडलं आणि खोडलेल्या जागी माझी पुन्हा सही घेतली. मग इकडेतिकडे बघून तिने बशी पुढे सरकवली. पाई! मी ती उभ्यानेच खाल्ली. नको नको म्हणत तीन तुकडे झाले.

“गावासमोर बोलून बसलेय मी,” मावशी हळूच म्हणाली. “हे कुठे लिहून ठेवू नकोस.”

मी तिला शब्द दिला. आणि हे बघा, लिहून बसलो!